ठिपक्यांतून रेषा : कोहक्यातील ट्रेसिंगच्या कामाचा अनुभव

संगणकावर चित्र दोन रीतींनी साठवता येते, आणि फलक, रेडियम, पत्राकटाई अशा धंद्यांतील कितीतरी अडचणी या दोन रीतींमधला फरक गिऱ्हाइकाला ठाऊक नसल्यामुळे उभ्या राहतात. पहिल्या रीतीत चित्र म्हणजे आडव्या-उभ्या ओळींत बसवलेल्या, प्रत्येकी एकच रंग असलेल्या सूक्ष्म चौकोनांची जाळी असते. या चौकोनांना पिक्सेल आणि अशा चित्राला बिटमॅप म्हणतात, आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यातून किंवा स्कॅनरमधून निघणारे चित्र याच जातीचे असते. दुसऱ्या रीतीत चौकोन नसतातच. काही बिंदू, त्यांना जोडणाऱ्या रेषा व वक्र, आणि त्यांनी वेढलेल्या भागाचा रंग एवढेच गणिताच्या भाषेत नोंदलेले असते. तेच चित्र नखाएवढे हवे असो की तीन मजली इमारतीएवढे, संगणक प्रत्येक वेळी गणित नव्याने मांडून कड नव्याने आखतो, म्हणून ती फाटत नाही. अशा चित्राला व्हेक्टर म्हणतात. बिटमॅपचे व्हेक्टर करणे, म्हणजे दुकानांच्या बोलीत ‘ट्रेस करणे’, हे बाहेरून एका बटणाचे काम वाटते. या कामात मुरलेल्या माणसाला मात्र माहीत असते की वेळ बटण दाबण्यात जात नाही, चित्रातून जे गळून गेले आहे ते मुळात काय होते हे ठरवण्यात जातो.

कोहका ही भिलाईतील सुपेल्याला लागून असलेली वस्ती. सोव्हिएत संघाशी १९५५ मध्ये झालेल्या करारातून भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि कारखान्याच्या आखीव सेक्टरांच्या बाहेर, खाजगी जमिनींवर, कोहक्यासारख्या वस्त्या पुढे वाढत गेल्या. देशाच्या सर्व भागांतून माणसे आली, त्यांत विदर्भातून आलेली मराठी कुटुंबेही होती. नागपूरकर भोसल्यांच्या कारभारामुळे छत्तीसगडात मराठी वस्ती त्याआधीपासूनच होती हा भाग वेगळा. अशा गावात फलकांना तोटा नसतो. कोचिंग क्लास, दवाखाने, गणेशोत्सव आणि दुर्गापूजेच्या समित्या, १९ फेब्रुवारीची शिवजयंती, निवृत्तीचे सत्कार, पुण्यतिथ्या या सगळ्यांना फ्लेक्स लागतो, आणि फ्लेक्सवर कसले ना कसले बोधचिन्ह लागते.

ते बोधचिन्ह दुकानात येते ते मोबाइलवरून. ‘भैया, लोगो व्हॉट्सॲप कर दिया है’ या वाक्याने कामाला सुरुवात होते, आणि आलेले चित्र उघडले की ते बहुधा दुसऱ्या कोणाच्या फलकाचा काढलेला फोटो, लेटरहेडचा तुकडा किंवा फेसबुकवरून उचललेला स्क्रीनशॉट निघतो. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेले चित्र वाटेत लहान केले जाते आणि जेपेग पद्धतीने आणखी दाबले जाते. जेपेग ही पद्धत चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलांचे ठोकळे पाडून प्रत्येक ठोकळ्यातील बारीक तपशील गाळते, त्यामुळे गर्द रंगाच्या अक्षराभोवती पांढऱ्या जागेत करड्या ठिपक्यांची धूळ उठते. मोबाइलच्या पडद्यावर ही धूळ दिसत नाही. गिऱ्हाईक पडदा दाखवून म्हणते, ‘साफ तो दिख रहा है’, आणि त्याच्या दृष्टीने ते खरेच असते.

हिशेब साधा आहे. ६०० पिक्सेल रुंदीचे चिन्ह १० फुटी फलकभर पसरायचे म्हटले तर १२० इंचांत ६०० पिक्सेल, म्हणजे इंचाला पाच. प्रत्येक पिक्सेल सुमारे पाच मिलिमीटरचा चौकोन होतो. निरोगी डोळा साधारणपणे एका कोनमिनिटाचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचा, फरक ओळखतो आणि १० मीटर अंतरावर हा फरक जवळजवळ तीन मिलिमीटर भरतो. म्हणून १० मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला त्या चिन्हाच्या पायऱ्या दिसतात, २० मीटरवरून भिलाईच्या जीई रोडने दुचाकीवर जाणाऱ्याला दिसत नाहीत. फ्लेक्सवाल्यांचा अर्धा धंदा या दुसऱ्या माणसाच्या भरवशावर चालतो, आणि त्यात लबाडी आहे असेही म्हणता येणार नाही; उंचावर टांगलेल्या फलकासाठी तासभर ट्रेसिंग करणे हा पुष्कळदा वेळेचा अपव्ययच असतो. बिटमॅप जशाचा तसा बारीक करावा म्हटले तर फाइलही आवरत नाही. १० बाय २० फुटांचा फलक इंचाला १०० पिक्सेल धरून तयार केला तर त्यात २८ कोटी ८० लाख पिक्सेल येतात आणि छपाईच्या चार रंगांत, न दाबता, ती फाइल ११५ कोटी बाइटांच्या आसपास जाते. त्याच फलकावरचे चिन्ह व्हेक्टरमध्ये असेल तर ते काही हजार बाइटांत मावते.

फ्लेक्स दया दाखवतो, रेडियम दाखवत नाही. गाडीच्या काचेवर, दुकानाच्या दारावर, नंबरप्लेटवर चिकटवायच्या रंगीत व्हिनाइलला बाजारात सर्रास रेडियम म्हणतात, आणि ते कापणाऱ्या यंत्रात, कटिंग प्लॉटरमध्ये, शाईऐवजी एक बारीक पाते असते. पात्याला रंग कळत नाही, छटा कळत नाही. त्याला फक्त मार्ग लागतो, कुठून निघायचे, कसे वळायचे आणि कुठे परत यायचे एवढाच. बिटमॅपमध्ये मार्ग नावाची वस्तूच नसल्याने येथे व्हेक्टरला पर्याय उरत नाही. मार्ग मिळाला म्हणजे काम झाले असेही नाही. मार्गावरच्या प्रत्येक बिंदूला नोड म्हणतात. खराब ट्रेसिंगमध्ये एका साध्या वळणावर नोडांची दाटी होते, पाते दर नोडपाशी किंचित अडखळते, कोपऱ्यात व्हिनाइल उचलते, आणि सोलताना बारीक पट्टी फाटून हातात येते. चांगले आणि वाईट ट्रेसिंग पडद्यावर सारखे दिसले तरी रेडियम सोलणाऱ्याच्या नखाला दोन्हींतला फरक लगेच कळतो. शुद्ध वर्तुळ काढायला चार नोड पुरतात आणि त्या चार वक्रांनी होणारी चूक त्रिज्येच्या तीन दशसहस्रांशांपेक्षाही कमी असते. स्वयंचलित ट्रेसिंगने आलेल्या वर्तुळात मात्र नोडांची गर्दी आणि जरा दबलेला आकार मिळतो. अनुभवी माणूस ते वर्तुळ दुरुस्त करत बसत नाही, पुसून टाकतो आणि नवे काढतो.

या वक्रांचे मूळ पत्र्याच्याच धंद्यात आहे, हे पोलादाच्या गावात सांगण्यासारखे. फ्रान्समधील सिट्रोएन या मोटार कंपनीत पॉल द कास्तेल्जो या गणितज्ञाने १९५९ च्या सुमारास, गाडीच्या पत्र्याचे बाक आकड्यांत पकडण्यासाठी, काही थोड्या नियंत्रक बिंदूंवरून गुळगुळीत वक्र काढण्याची रीत शोधली. कंपनीने ती गुप्त ठेवली. पुढे १९६०च्या दशकात रेनो कंपनीतील पियर बेझिए यांनी त्याच प्रकारची पद्धत स्वतंत्रपणे विकसित करून प्रसिद्ध केली, म्हणून वक्राला नाव बेझिएचे पडले. ॲडोबी कंपनीच्या १९८४ च्या पोस्टस्क्रिप्ट या भाषेने हेच वक्र छपाईत आणले, आणि आज कोरलड्रॉ या चित्र काढण्याच्या प्रोग्रॅममध्ये नोडला धरून जी दांडी ओढली जाते ती बेझिएच्या नियंत्रक बिंदूचीच असते.

यंत्र ट्रेस कसे करते हे जाणून घेतल्याशिवाय ते कुठे चुकते हे कळत नाही. पीटर सेलिंजर यांचा पोट्रेस हा मुक्त प्रोग्रॅम, जो इंकस्केपमध्येही वापरला जातो, याचे चांगले उदाहरण आहे. आधी चित्र निव्वळ काळ्या-पांढऱ्यात आणले जाते, म्हणजे एक उंबरठा ठरवून त्याहून गडद ते काळे व फिकट ते पांढरे मानले जाते. मग काळ्या भागांच्या कडेने बंद मार्ग काढले जातात, त्या पायऱ्यापायऱ्यांच्या मार्गांच्या जागी शक्य तितक्या कमी बाजूंचे बहुभुज बसवले जातात, आणि शेवटी प्रत्येक कोपऱ्यावर एक निर्णय होतो : हा कोपरा खरा टोकदार आहे की वळणाचा भाग आहे. या निर्णयासाठी एक आकडा असतो; तो शून्यावर ठेवला तर सगळे कोपरे टोकदार राहतात, वाढवत नेला तर एकेक कोपरा गोल होत जातो. अडचण अशी, की एकाच चिन्हात दोन्ही जातीचे कोपरे असतात आणि आकडा मात्र सगळ्या चित्राला एकच लागू होतो. दंतचक्राचे दाते धारदार हवेत तर कमळाची पाकळी कोनदार दिसू लागते, पाकळी सावरली तर दाते झिजतात.

देवनागरीत ट्रेसिंगचा प्रश्न अधिक बिकट होतो. जेपेगची धूळ काढण्यासाठी ट्रेसिंगच्या प्रोग्रॅममध्ये एक सोय असते : ठरावीक क्षेत्रफळापेक्षा लहान ठिपके गाळून टाकायचे. पोट्रेसमध्ये ही मर्यादा मुळात दोन पिक्सेलांची असते. धूळ जास्त असेल तर डिझायनर ती दहा-पंधरापर्यंत वाढवतो, आणि धुळीबरोबर अनुस्वार जातो. लहान चित्रात बारा पिक्सेल उंचीच्या ओळीतील अनुस्वार जेमतेम चार पिक्सेलांचा असतो, आणि यंत्राला धूळ व अनुस्वार यांत आकारापलीकडे काही फरक दिसत नाही. हिंदी मजकुरात नुक्त्याचेही तेच होते. शिरोरेषेची अडचण उलट्या बाजूची. ती सगळी अक्षरे एका आकारात जोडत असल्याने उंबरठा थोडा गडदकडे सरकला की ‘घ’चा ‘ध’ वाटू लागतो, फिकटकडे सरकला की ‘ष’च्या पोटातली रेघ नाहीशी होते. ‘द्ध’, ‘द्व’, ‘द्य’ या जोडाक्षरांची पोटे तर इतकी लहान असतात की चाळीस पिक्सेलांच्या ओळीत ती भरूनच जातात, आणि भरलेल्या पोटातून मूळ अक्षर कोणते हे कोणत्याही गणिताने परत मिळत नाही.

येथे वाचता येणारा माणूस लागतो, आणि कोहक्यासारख्या ठिकाणी तो कोणती भाषा वाचतो यालाही महत्त्व येते. मराठी मंडळाचे जुने चिन्ह पुन्हा काढायला हिंदीभाषक डिझायनर बसला, तर धूसर ‘मंडळ’चे तो ‘मंडल’ करतो, कारण त्याच्या भाषेत शब्द तसाच लिहितात. चूक त्याची म्हणावी तर चित्रात ‘ळ’चा दुसरा फुगा दिसतच नसतो. त्याहून सूक्ष्म गोष्ट ‘ल’ आणि ‘श’ या अक्षरांची आहे. मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ हिंदीत रूढ असलेल्या वळणांहून वेगळे असतात. जुन्या चिन्हात मराठी वळण असेल आणि नवे अक्षर कृतिदेवसारख्या हिंदी फॉन्टमधून उचलून बसवले, तर शुद्धलेखन बरोबर असूनही मंडळातल्या ज्येष्ठ मंडळींना फलक परका वाटतो, आणि का वाटतो हे त्यांनाही सांगता येत नाही. म्हणून चिन्हातील मजकूर ट्रेस करू नये, फॉन्ट ओळखून टाइप करावा, हा धंद्यातला सर्वसाधारण नियम मराठी चिन्हांना पूर्णपणे लागू पडत नाही. हाताने काढलेल्या अक्षरांना फॉन्टच नसतो. ती मोठी करून पडद्यावर ठेवायची आणि त्यांच्यावरून पेन टूलने एकेक वळण गिरवायचे, हाच रस्ता उरतो.

शिवजयंतीच्या फलकांवरील राजमुद्रा हे या सगळ्या अडचणी एकत्र आणणारे उदाहरण होय. शिवाजी महाराजांची मुद्रा अष्टकोनी आहे आणि तीत संस्कृत श्लोक कोरलेला आहे. २ सप्टेंबर २०२२ रोजी भारतीय नौदलाने स्वीकारलेल्या नव्या ध्वजातील अष्टकोनी चौकटही याच मुद्रेवरून घेतली आहे. इंटरनेटवर फिरणाऱ्या राजमुद्रेच्या पुष्कळ प्रती एकमेकींच्या नकला आहेत, आणि प्रत्येक नकलेत जोडाक्षरांची थोडी थोडी झीज झालेली आहे. यंत्राने ट्रेस केलेल्या मुद्रेचा अष्टकोन सुरेख येतो, कारण सरळ रेषा ओळखणे यंत्राला सोपे जाते. आतला श्लोक मात्र अक्षरांसारख्या दिसणाऱ्या आकारांचा होतो. लांबून तो श्लोकच वाटतो. असे फलक दरवर्षी लागतात, त्यांच्यापुढे आरती होते, आणि श्लोक वाचून पाहावा असे फारसे कोणाच्या मनात येत नाही. निदान राजमुद्रेच्या बाबतीत तरी दुकानदाराने घाई करू नये, श्लोकाचा शुद्ध पाठ शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहावे, आणि मंडळाने त्या वेळाचे पैसे द्यावेत, हे म्हणणे अवाजवी ठरू नये.

भिलाईच्या आसपास लघुउद्योगांची मोठी वस्ती असल्याने ट्रेसिंगचे आणखी एक कुळ येथे भेटते : जुन्या यांत्रिक आराखड्याचा स्कॅन किंवा फोटो आणून ‘याची कटिंग फाइल करून द्या’ म्हणणाऱ्यांचे. फलकांच्या कामात रुळलेला माणूस येथे पहिली चूक करतो ती बाह्यरेषा काढण्याची. साधे ट्रेसिंग काळ्या भागाची कड काढते, आणि आराखड्यातली रेघ हा त्याच्या लेखी एक अरुंद काळा भाग असतो. म्हणून एका रेघेच्या दोन कडा, म्हणजे दोन मार्ग तयार होतात आणि लेसर किंवा प्लाझ्माची ज्योत त्याच रेघेवरून दोनदा फिरते. यासाठी मध्यरेषेचे ट्रेसिंग करावे लागते, ज्यात रेघेची जाडी बाजूला ठेवून तिचा कणा तेवढा घेतला जातो. परंतु तेही पुरेसे नसते.

रेल्वेच्या रुळाचा आडवा छेद घ्यावा. भिलाईची रेल मिल १९६० साली सुरू झाली आणि भारतीय रेल्वेचे रूळ हे या गावाचे ओळखचिन्हच आहे, तेव्हा एखाद्या स्मृतिचिन्हासाठी कोणी रुळाच्या छेदाचा फोटो आणून दिला तर नवल नाही. ६० किलो यूआयसी या जातीच्या रुळाची उंची १७२ मिलिमीटर, पायाची रुंदी १५० मिलिमीटर आणि मधल्या उभ्या भागाची सर्वांत कमी जाडी साडेसोळा मिलिमीटर असते; माथ्याचे वळण वरून खाली येताना ३००, ८० आणि १३ मिलिमीटर त्रिज्येच्या तीन कंसांनी बनते, आणि हे कंस एकमेकांना असे भेटतात की सांध्यावर कोन पडत नाही. फोटोवरून ट्रेस केलेल्या माथ्यात हे तीन कंस कधीच सापडत नाहीत. तेथे एक डोळ्यांना बरा दिसणारा, डावी-उजवी बाजू किंचित असमान असलेला वक्र मिळतो. मापे घेऊन तीन कंस आखणाऱ्याला काही मिनिटे लागतात, त्याचा आराखडा आरशातल्यासारखा दोन्ही बाजूंना सारखा येतो, आणि ज्याने आयुष्यभर रूळ पाहिले त्या निवृत्त कामगाराच्या हातात तो देताना खाली बघावे लागत नाही. ज्या वस्तूची मापे ठाऊक आहेत तिचा फोटो ट्रेस करू नये, एवढा साधा नियम या कामातून निघतो, आणि तो पाळला जात नाही कारण फोटो समोर असतो आणि मापे विचारायला जावे लागते.

छायाचित्रांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. माणसाच्या चेहऱ्यात कडा नसतात, छटा असतात, म्हणून त्याचे व्हेक्टर केले तर नकाशातल्या समोच्च रेषांप्रमाणे रंगांचे पट्टे पडतात. मुद्दाम तशी शैली हवी असेल तरच ते करावे. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे प्रोग्रॅम धूसर फोटो मोठा आणि स्पष्ट करून देतात व दुकानांत त्यांचा वापर वाढला आहे, पण ते हरवलेला तपशील शोधून काढत नाहीत, इतर असंख्य चेहरे पाहून शक्य वाटेल असा तपशील रचतात. लग्नाच्या फलकावर ते खपून जाते. श्रद्धांजलीच्या फलकावर मात्र घरच्या माणसांना डोळे कोणा दुसऱ्याचे वाटतात, आणि तेथे जुना, थोडा धूसर, पण खरा फोटो लहान आकारात छापणे अधिक सभ्यपणाचे.

राहता राहिला तो मूळ फाइलचा प्रश्न, आणि खरे पाहता ट्रेसिंगची निम्मी कामे त्यामुळेच निर्माण होतात. मंडळाचे चिन्ह कोणीतरी एकदा कोरलड्रॉमध्ये नीट काढलेले असते. पदाधिकारी बदलतात, फाइल जुन्या सचिवाच्या संगणकात राहते, संगणक भंगारात जातो, आणि नव्या समितीकडे उरतो तो गेल्या वर्षीच्या फलकाचा मोबाइलवर काढलेला फोटो. दुकानदाराकडेही फाइल असते, पण गिऱ्हाईक पुढच्या वर्षी दुसऱ्या दुकानात जाऊ नये म्हणून काही जण ती देत नाहीत. काम करून घेणाऱ्याने पैसे चुकते केल्यावर ती मागून घेण्यात संकोच करू नये. मागताना अक्षरे कर्व्हमध्ये बदललेली एक प्रत मागावी, कारण कोरलड्रॉमध्ये कंट्रोल आणि क्यू या कळांनी केला जाणारा हा बदल झाला की अक्षर फॉन्टवर अवलंबून राहत नाही आणि दुसऱ्या संगणकावर उघडताना त्याच्या जागी भलतेच चिन्ह येत नाही. मात्र असा मजकूर पुढे टाइप करून दुरुस्त करता येत नाही, म्हणून मूळ टाइप केलेली दुसरी प्रतही सोबत असावी. पीडीएफ मिळाली म्हणजे व्हेक्टर मिळाले असे समजू नये, पीडीएफच्या पोटात जेपेगही असू शकते. फाइल उघडून चिन्हाची कड जितकी मोठी करता येईल तितकी करून पाहावी, पायऱ्या दिसल्या तर ती परत करावी. आणि चिन्हाची फाइल व्हॉट्सॲपवर पाठवायचीच असेल तर फोटो म्हणून पाठवू नये, डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. तशी पाठवलेली फाइल जशीच्या तशी पोहोचते.